सीमेवरचा उद्यम : गडमुडशिंगी परिसर आणि आर्थिक सुधारणांचा इतिहास

विकसनशील देशांतील खासगी व्यवसायाच्या वाढीचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा राजधानीत घेतल्या गेलेल्या निर्णयांवर खिळून राहते. भारताच्या बाबतीत २४ जुलै १९९१ हा दिवस असाच सीमास्तंभ मानला जातो. त्या दिवशी मांडल्या गेलेल्या औद्योगिक धोरणाने अठरा उद्योगांचा अपवाद वगळता परवाना-पद्धती रद्द केली, सार्वजनिक क्षेत्रासाठी राखून ठेवलेल्या उद्योगांची संख्या सतरावरून आठवर आणली आणि परकीय भांडवलाची वाट बऱ्याच अंशी मोकळी केली. ह्या घटनेचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि तिच्या आधीचा काळ म्हणजे खासगी उद्यमाची कोंडी आणि नंतरचा काळ म्हणजे त्याची मुक्ती, अशी जी ढोबळ विभागणी रूढ झाली आहे, ती जिल्ह्याच्या आणि गावाच्या पातळीवर तपासून पाहिली असता जशीच्या तशी टिकत नाही.

अशा तपासणीस कोल्हापूर शहराच्या आग्नेयेकडील गडमुडशिंगीचा परिसर विशेष उपयुक्त आहे. करवीर तालुक्यातील ह्या गावाच्या उत्तरेस गांधीनगरची घाऊक कापडपेठ आहे, दक्षिणेस उजळाईवाडीचा विमानतळ आहे आणि नैर्ऋत्येस गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आहे. पेठ निर्वासितांच्या पुनर्वसनातून उभी राहिली, विमानतळ संस्थानी राजवटीने १९३९ साली बांधला, आणि औद्योगिक वसाहत हे नियोजनकाळातील राज्यशासनाचे अपत्य आहे. तीन वेगवेगळ्या राजवटींच्या आर्थिक निर्णयांची फळे एकाच शिवाराच्या आसपास पाहावयास मिळावीत, असे स्थळ सहसा आढळत नाही. ह्या परिसराच्या इतिहासावरून असे दिसून येते की, येथील खासगी उद्यम शासनाच्या अभावी वाढला नाही, तसाच केवळ शासनाच्या आश्रयानेही वाढला नाही. नियमांच्या दोन क्षेत्रांमधील सीमारेषेवर तो वाढला; आणि आर्थिक सुधारणांनी त्या सीमारेषा वेळोवेळी हलविल्या. ह्या हालचालीचा लाभ कोणाला झाला आणि भार कोणावर पडला, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

(१) संस्थानी काळ

कोल्हापूर संस्थानात आधुनिक व्यापाराची पायाभरणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. १८९१ साली मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू होऊन पंचगंगेच्या खोऱ्यातील माल दूरच्या बाजारपेठांशी जोडला गेला. १८९४ साली छत्रपती शाहू महाराजांच्या हाती राज्यकारभाराची सूत्रे आली आणि पुढल्याच वर्षी शाहूपुरी ही गुळाची पेठ वसविण्यात आली. व्यापाऱ्यांना बोलावून आणावे, त्यांना जागा व सवलती द्याव्यात, आणि बाजाराची उलाढाल मात्र त्यांच्याच भांडवलावर सोपवावी, असे ह्या धोरणाचे स्वरूप होते. १९०६ साली शाहू स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलची उभारणी सुरू झाली, आणि १९०७ च्या सुमारास भोगावती नदीवरील राधानगरी धरणाची योजना हाती घेण्यात आली. धरणाचे काम पैशांच्या अडचणीमुळे रेंगाळून अनेक वर्षांनी पूर्ण झाले. परंतु पाणी, पेठ आणि वाहतूक ही तीन अंगे राज्याने पुरवावयाची, ही दृष्टी त्यातून स्पष्ट होते.

गुळाच्या व्यवहाराचा एक परिणाम पुढील इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक ठरला. गुऱ्हाळाला चरक लागतो, काहील लागते आणि ऊस पिकविण्यासाठी नदीचे पाणी वर चढविणारे यंत्र लागते. बैलांच्या जागी तेलावर चालणारी इंजिने आली, तेव्हा त्यांच्या दुरुस्तीसाठी मिस्त्री लागले. मिस्त्री आधी सुटे भाग दुरुस्त करीत, नंतर ते घडवू लागले. आणि दुसऱ्या महायुद्धात परदेशी भागांची आवक खुंटली, तेव्हा घडविण्याच्या ह्या कसबाला अकस्मात मोल आले. कोल्हापूरच्या औद्योगिक इतिहासात म्हादबा मिस्त्री आणि वाय. पी. पोवार ह्यांची नावे आदराने घेतली जातात, ती ह्या परंपरेमुळे. शिवाजी उद्यमनगरातील ओतकाम आणि यंत्रकाम ह्यांचे मूळ अशा रीतीने उसाच्या शेतात आहे. शेतीच्या नगदी उत्पन्नाने मागणी निर्माण केली आणि त्या मागणीने कारागीर घडविला. औपचारिक तांत्रिक शिक्षणाचा वाटा त्यात आरंभी अल्प होता.

संस्थानी राजवटीची आणखी एक बाजू लक्षात घेणे आवश्यक आहे. ब्रिटिश हद्दीतील कर व कारखानेविषयक कायदे संस्थानांत आपोआप लागू होत नसत. दोन महायुद्धांच्या दरम्यान हिंदुस्थानातील अनेक संस्थानांनी ह्याच स्थितीचा उपयोग करून भांडवल आकर्षित केले. सीमेच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा, ह्या भेदातून उद्यमाला जागा मिळण्याचा हा आरंभीचा प्रकार होय. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ही सीमा संपुष्टात आली. तिच्या जागी नव्या सीमा मात्र लवकरच उभ्या राहिल्या.

(२) छावणीची पेठ

१९४३ साली वळिवडे येथे, लोहमार्गालगत, पोलंडच्या निर्वासितांसाठी छावणी उभारण्यात आली. सोव्हिएत प्रदेशातून सुटून आलेले सुमारे पाच हजार पोलिश नागरिक, बहुतांशी स्त्रिया आणि मुले, १९४८ पर्यंत तेथे राहिले. हिंदुस्थानातील पोलिश निर्वासितांची ही सर्वांत मोठी वसाहत होती. ते निघून गेल्यावर रिकाम्या बराकींत फाळणीमुळे सिंधमधून बाहेर पडलेल्या कुटुंबांना आसरा देण्यात आला आणि वसाहतीला गांधीनगर हे नाव मिळाले.

ह्या कुटुंबांपाशी शेतजमीन नव्हती आणि स्थानिक नातेसंबंधही नव्हते. सिंधी समाजातील व्यापाराची परंपरा आणि आपसांतील पतीचे व्यवहार एवढेच त्यांचे भांडवल होते. फेरीच्या विक्रीपासून आरंभ करून क्रमाने कापडाचा घाऊक व्यापार तेथे स्थिरावला आणि पश्चिम महाराष्ट्र, कोकण, गोवा व उत्तर कर्नाटक येथील लहान दुकानदार लग्नसराईचा व दिवाळीचा माल भरण्यासाठी तेथे येऊ लागले. घाऊक व्यापाराचा प्राण उधारी हा असतो. गावोगावच्या दुकानदाराला हंगामाआधी माल द्यावा आणि हंगामानंतर वसूल करावा, ह्या पद्धतीत बँकेचे तारण कमी आणि ओळखीचे तारण अधिक चालते. ज्या समाजाला परमुलखात केवळ शब्दाच्या आधारावर उभे राहावे लागले, त्याला हा व्यवहार साधला, ह्यात नवल नाही.

परंतु केवळ समाजाच्या गुणांवरून पेठेची वाढ उलगडत नाही. तिचे स्थानही तितकेच महत्त्वाचे होते. कोल्हापूर नगरपालिकेच्या आणि १९७२ पासून महानगरपालिकेच्या हद्दीत येणाऱ्या मालावर जकात द्यावी लागे. जो माल शहरात खपणार आहे, त्याच्या बाबतीत हा भार ग्राहकावर ढकलता येतो. परंतु जो माल आत येऊन पुन्हा रत्नागिरीला किंवा बेळगावला जाणार आहे, त्याच्यावरील जकात भरणे आणि मग परताव्यासाठी खेटे घालणे ही घाऊक व्यापाऱ्याच्या दृष्टीने निव्वळ अडचण होती. गांधीनगर ही वसाहत जकातीच्या नाक्याबाहेर होती. शहराची बाजारपेठ, लोहमार्ग व महामार्ग हाताशी, आणि शहराचा कर मात्र दूर, असे हे स्थान होते. पेठ वाढत गेली तशी ती मूळ छावणीच्या हद्दीत मावेना. वळिवडे, उचगाव, चिंचवाड आणि गडमुडशिंगी ह्या शेजारच्या गावांच्या शिवारांत तिचे हातपाय पसरले. शेतजमिनीची दुकाने व गोदामे झाली, आणि ग्रामपंचायतींसमोर असे प्रश्न आले की, ज्यांची कल्पना १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कर्त्यांनी क्वचितच केली असेल.

(३) परवान्याच्या खालचा उद्योग

१९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) अधिनियमाने परवाना-पद्धती आणली आणि १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावाने सार्वजनिक क्षेत्राला अग्रस्थान दिले. खासगी उद्योगाची कोंडी म्हणून ज्या व्यवस्थेचे वर्णन केले जाते, ती हीच. परंतु त्या अधिनियमातील कारखान्याची व्याख्या पाहिली असता एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. विजेच्या साहाय्याने काम चालत असेल तर पन्नास, आणि विजेविना चालत असेल तर शंभर कामगारांच्या खालील घटकांना तो लागूच होत नव्हता. उद्यमनगरातील बहुसंख्य कारखानदार एक-दोन लेथ आणि एक भट्टी घेऊन बसलेले होते. दिल्लीच्या परवान्याची रेषा त्यांच्या डोक्यावरून जात होती.

ह्याचा अर्थ त्यांना कोणतीच अडचण नव्हती असा नाही. त्यांची अडचण कच्च्या मालाची होती. ओतकामाला लागणारे बिडाचे लोखंड आणि भट्टीचा कोळसा ह्यांचे वाटप नियंत्रित होते. कोटा मिळणे, तो वेळेवर मिळणे आणि मिळालेल्या मालाची प्रत चांगली असणे, ह्या तीन गोष्टींवर भट्टी पेटणार की नाही हे ठरत असे. दुसऱ्या बाजूने, त्याच नियोजनव्यवस्थेतील भाडे-समानीकरणाच्या तत्त्वाने पूर्वेकडील पोलाद कारखान्यांतून येणारा माल दूरच्या प्रदेशांनाही सारख्या भावाने उपलब्ध करून दिला. बिहार आणि ओरिसाच्या खाणपट्ट्यांचे नैसर्गिक लाभ त्यामुळे नाहीसे झाले, ही तक्रार रास्त आहे. पण कोल्हापूरसारख्या, खनिजापासून शेकडो मैल दूर असलेल्या ठिकाणी यंत्रोद्योग टिकला, त्याचे एक कारण हे तत्त्व होते, हेही मान्य केले पाहिजे. १९६७ पासून लहान उद्योगांसाठी वस्तू राखून ठेवण्याचे धोरण आले. प्रारंभी सत्तेचाळीस वस्तूंची असलेली ही यादी पुढे आठशेंच्यावर गेली. तिने लहान उद्योगाला संरक्षण दिले, आणि त्याचबरोबर लहानच राहण्याचे प्रलोभनही दिले.

राज्याच्या पातळीवर चित्र निराळे होते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्यानंतरच्या काळात कोल्हापूरजवळ शिरोली व गोकुळ शिरगाव येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. आखलेले भूखंड, रस्ते, पाणी व वीज ह्यांची एकत्र सोय झाल्यामुळे उद्यमनगरातील दाटीत अडकलेले कारखाने शहराबाहेर पडू शकले. शाहूपुरीच्या स्थापनेत जे तत्त्व होते तेच येथेही दिसते : जागा शासनाची, धोका उद्योजकाचा. ह्याच काळात सहकाराने तिसरा मार्ग दाखविला. १९६३ साली स्थापन झालेला कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजेच ‘गोकुळ’, ह्याने शेतकरी कुटुंबांच्या हाती वर्षभर खेळता पैसा दिला. प्रा. धनंजयराव गाडगीळ ह्यांनी प्रतिपादिलेल्या सहकारी अर्थव्यवस्थेचे हे एक फलित होते. आणि सहकारातून आलेल्या ह्या पैशानेच खासगी दुकान, मालमोटार आणि कार्यशाळा ह्यांना ग्राहक मिळवून दिले. सार्वजनिक, सहकारी आणि खासगी ही क्षेत्रे पाठ्यपुस्तकांत जितकी अलग दाखविली जातात, तितकी ती ह्या परिसरात कधीच नव्हती.

(४) १९९१ आणि त्यानंतर

ह्या पार्श्वभूमीवर पाहिले असता १९९१ च्या सुधारणांचा परिणाम अधिक नेमकेपणाने सांगता येतो. परवाना रद्द झाल्याने लहान ओतकामवाल्याच्या दारातील कोणताच अडसर थेट दूर झाला नाही, कारण तो तेथे नव्हताच. त्याच्यावर परिणाम झाला तो अन्य तीन मार्गांनी. जानेवारी १९९२ मध्ये लोखंड-पोलादाच्या किमती व वाटप ह्यांवरील नियंत्रण उठले. कोट्याची विवंचना संपली. त्याच सुमारास भाडे-समानीकरणही संपले, म्हणून अंतराचा खर्च आता त्याच्या माथी आला. आणि १९९३ साली मोटारगाड्यांचा उद्योग परवानामुक्त होऊन नवे उत्पादक आल्यावर ओतीव भागांची मागणी वाढली. शेतीच्या इंजिनावर पोसलेले कसब मोटारीच्या सुट्या भागांकडे वळले. ज्यांनी प्रयोगशाळा, चाचणी आणि प्रतवारी ह्यांवर खर्च केला ते निर्यातीपर्यंत पोहोचले; ज्यांना ते साधले नाही ते मोठ्या कारखान्यांचे हुकमी पुरवठादार होऊन राहिले अथवा मागे पडले. राखीव वस्तूंची यादीही क्रमाने आटत जाऊन २०१५ साली शेवटच्या वीस वस्तूंसह संपली.

सीमारेषांचे महत्त्व मात्र संपले नाही. २०१३ च्या सुमारास महाराष्ट्रातील विजेच्या दरांविरुद्ध कोल्हापूरच्या उद्योजकांनी कर्नाटकात स्थलांतर करण्याचा इशारा दिला. ओतकामात विजेचा खर्च मोठा असतो आणि राज्याची हद्द तर हाकेच्या अंतरावर आहे. केंद्राचा परवाना गेल्यावर स्पर्धा राज्याराज्यांत सुरू झाली, ह्याचे हे ठळक उदाहरण होय.

गांधीनगरच्या पेठेचा अनुभव ह्याहून बोधप्रद आहे. २०१० नंतर महानगरपालिकांतील जकात टप्प्याटप्प्याने जाऊन तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुसंख्य व्यापाऱ्यांना त्यातूनही सूट मिळाली आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर देशभर लागू झाला. ज्या कारणामुळे पेठ नाक्याबाहेर वसली, ते कारणच नाहीसे झाले. तरीही पेठ शहरात परतली नाही. गोदामे, वाहतूकदार, हमाल, दलाल आणि दोन-तीन पिढ्यांची गिऱ्हाइकी एकदा एका ठिकाणी जमली, म्हणजे ती कराच्या एका बदलाने उठून जात नाहीत. सुधारणेने रेषा पुसता येते, पण त्या रेषेवर उभे राहिलेले गाव पुसता येत नाही. धोरणाच्या अभ्यासात ह्या गोष्टीची दखल अद्याप पुरेशी घेतली गेलेली नाही.

(५) गावावरील भार

येथे गडमुडशिंगीचा प्रश्न उभा राहतो. व्यापाराचा विस्तार गावाच्या जमिनीवर होतो, वाहनांची वर्दळ गावच्या रस्त्यांवर येते, सांडपाणी व कचरा गावच्या ओढ्यांत जातो. परंतु व्यापारावरील मुख्य कर राज्याला व केंद्राला मिळतो. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नात मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि तत्सम बाबी येतात. आर्थिक क्रिया आणि स्थानिक महसूल ह्यांच्यात असा विच्छेद असल्यावर ग्रामपंचायतीने नियोजनाची धुरा वाहावी, ही अपेक्षा अवास्तव ठरते.

चीनमध्ये १९७८ नंतर ग्रामीण व नगरोपांतिक भागांत जे उद्योग वाढले, त्यांच्याशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. तेथे जमिनीवर गावाचा सामूहिक ताबा होता आणि उद्योगाच्या नफ्याचा वाटा गावाच्या सत्तेकडे राहत होता. म्हणून उद्योग वाढविण्यात आणि त्याला रस्ते-पाणी पुरविण्यात स्थानिक सत्तेचे हित गुंतलेले होते. तेथील राजकीय व्यवस्था अनुकरणीय आहे, असा ह्याचा अर्थ नाही. स्थानिक संस्थेच्या तिजोरीचा उद्यमाशी असलेला संबंध हा मात्र सुधारणांच्या यशापयशातील एक स्वतंत्र घटक आहे, हे त्यावरून दिसते.

विमानतळाच्या विस्ताराने ह्या प्रश्नाला आणखी एक बाजू आली. धावपट्टी वाढविण्यासाठी गडमुडशिंगीच्या शिवारातील जमीन संपादन करण्याचा प्रश्न गेल्या काही वर्षांत पुढे आला. जिल्ह्याच्या उद्योगाला विमानसेवा हवी, ही मागणी सयुक्तिक आहे. पण ज्या शेतकऱ्याचे शेत त्यात जाते, त्याच्या दृष्टीने जमीन हे केवळ मोबदल्यात मोजता येणारे भांडवल नसते; ऊस, जनावरे आणि दुधाचा रोजचा पैसा ह्यांची साखळी त्या जमिनीशी बांधलेली असते. मोबदला एकदा मिळतो, साखळी कायमची तुटते. म्हणून पर्यायी उपजीविका हा भूसंपादनाच्या हिशेबाचाच भाग मानणे न्याय्य ठरेल.

शहराच्या हद्दवाढीचा वाद ह्याच संदर्भात समजून घेतला पाहिजे. हद्द न वाढल्याने वाढत्या वस्तीला सेवा पुरविणारी समर्थ संस्था उरत नाही, ही शहराची बाजू आहे. हद्द वाढल्यास कर वाढेल आणि सेवांची हमी मात्र मिळणार नाही, ही गावांची बाजू आहे. २०१७ साली बेचाळीस गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन करण्यात आले, ते ह्या दोहोंमधील तडजोड म्हणून. विकास-परवानगीचा अधिकार प्राधिकरणाकडे आणि दैनंदिन सेवांचा भार ग्रामपंचायतीकडे, अशा विभागणीमुळे सीमा मिटली नाही; तिच्यात आणखी एकीची भर पडली.

(६) निष्कर्ष

गडमुडशिंगी परिसराच्या इतिहासावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, येथील खासगी उद्यमाच्या प्रत्येक टप्प्याच्या मागे एखादी सार्वजनिक तरतूद आढळते : शाहूपुरीची पेठ, छावणीच्या बराकी, औद्योगिक वसाहतीचे भूखंड. दुसरा असा की, सुधारणांचे मूल्यमापन केवळ कोणता नियम रद्द झाला ह्यावरून करणे अपुरे आहे. तो नियम कोणत्या थरातील उद्योजकाला लागू होता आणि रद्द झाल्यावर कोणता नवा खर्च त्याच्यावर आला, हे पाहणे आवश्यक आहे. लहान ओतकामवाल्याला १९५१ च्या अधिनियमापेक्षा लोखंडाच्या कोट्याने अधिक जखडले होते, आणि १९९१ च्या घोषणेपेक्षा १९९२ च्या विनियंत्रणाने अधिक मोकळे केले.

तिसरा निष्कर्ष पुढील काळाच्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाचा आहे. १९९१ पासूनच्या सुधारणांनी केंद्र आणि बाजार ह्यांच्यातील संबंध बदलले, २०१७ च्या करसुधारणेने केंद्र आणि राज्ये ह्यांच्यातील संबंध बदलले. परंतु ज्या गावाच्या भूमीवर हा बाजार प्रत्यक्ष उभा आहे, त्या गावाच्या संस्थेचे बाजाराशी असलेले नाते जवळजवळ तसेच राहिले. शहराच्या वेशीवरील ग्रामपंचायतींना त्यांच्या हद्दीतील व्यवसायाच्या प्रमाणात महसूल आणि त्या महसुलाला साजेशी नियोजनाची जबाबदारी मिळेपर्यंत आर्थिक सुधारणांचे हे अंग अपुरेच राहील. गडमुडशिंगीसारख्या गावांच्या ग्रामपंचायतींचे दप्तर, जमिनीच्या बिगरशेती परवानग्यांच्या नोंदी आणि पेठेतील जुन्या कीर्दी-खतावण्या ह्यांचा पद्धतशीर अभ्यास झाल्यास ह्या प्रश्नावर अधिक प्रकाश पडेल. पदव्युत्तर संशोधनास हे क्षेत्र खुले आहे.